हजार वॉटची माणसं

माझ्या मेव्हण्याची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. नालासोपाऱ्यात, आचोळ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती वळली की तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात फळीवरचे डबे थरथरायला लागायचे. बायको हसून म्हणायची, "दादा आला." मी म्हणायचो, "दादा नाही, त्याची डिकी आली."

हा तिचा मोठा भाऊ. विरारला फ्लॅट विकून देण्याची दलाली करायचा. दोन हजार सालाच्या आसपास तिकडे रोज एक इमारत उभी राहत होती, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं. गाडीच्या डिकीत त्यानं दोन सबवूफर बसवले होते, वर अॅम्प्लिफायर आणि त्यावर निळा दिवा. सामान ठेवायला जागाच उरली नव्हती. आईला बाजारात नेलं तर भाजीची पिशवी तिच्या मांडीवर. हे सगळं त्यानं हौसेनं केलं होतं आणि कौतुकानं दाखवायचा. मला तो मूर्ख वाटायचा. लपवण्यात अर्थ नाही, मला तेव्हा बरीच माणसं मूर्ख वाटायची.

मी वालीवला ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस होतो. तांब्याच्या तारेचं वेटोळं एका फेऱ्यानं कमी भरलं तरी माल परत पाठवायचो. तिथे माझ्याशी फारसं कोणी बोलत नसे, आणि मला त्याचं वाईटही वाटत नसे. आवाजाच्या बाबतीत तर मी स्वतःला उच्च न्यायालयच समजत होतो.

त्या वर्षी कारखान्याच्या हिशेबनीसाची जुनी छोटी गाडी मी विकत घेतली. तिच्यात कॅसेट प्लेअर होता आणि मागे, काचेखालच्या फळीवर, दोन स्पीकर. उजवा नुसता खरखरायचा. मेव्हण्यानं गाडीला एक फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "जावईबापू, माझा जुना सेट पडलाय घरी. घेऊन जा. तुमच्या डबड्याला चालेल."

"नको दादा," मी म्हटलं. "मी माझा लावीन. व्यवस्थित."

त्याच दिवशी वही काढली. दिवाळीच्या बोनसमधले सहा हजार बायकोनं मला दिले होते आणि वर बजावलं होतं की सातवा मागायचा नाही. सहा हजारांत काय होईल ते मी महिनाभर लिहीत होतो. कॅसेट काढून सीडी प्लेअर, पुढच्या दारांत दोन चांगले स्पीकर, जुना पण प्रामाणिक अॅम्प्लिफायर, जाड वायर. सबवूफर नाही, दिवे नाहीत. मला मेव्हण्याला दाखवून द्यायचं होतं की कमी पैशात डोकं वापरलं की काय होतं.

बायकोनं एकदा वही उघडून बघितली. "यात गाणी कुठली ऐकायची ते नाही लिहिलं," ती म्हणाली.

मेव्हण्याकडे बघायचो त्याच नजरेनं मी तिच्याकडेही बघितलं.

वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. दारापासून छतापर्यंत खोके रचलेले, प्रत्येक खोक्यावर आगीच्या ज्वाळा आणि आकडे. दुकानदारानं मला एक जोडी दाखवली. "साहेब, हजार वॉट. एकदम फाडून टाकेल."

"गाडीत या सेटला फ्यूज किती अँपिअरचा असतो?" मी विचारलं.

"दहा."

"बॅटरी बारा व्होल्टची. दहा गुणिले बारा, एकशे वीस. हजार वॉट येणार कुठून?"

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. दुकानदार अजिबात चिडला नाही. अगदी समजूत घालावी तसा म्हणाला, "साहेब, ते लिहिलेलं असतं. लोक वाचतात, खूश होतात. तुम्ही कशाला वाचता?"

अशा तीन दुकानांत गेलो आणि तीन ठिकाणी भांडून बाहेर आलो. घेतलं काहीच नाही. घरी आल्यावर बायकोला सगळं साग्रसंगीत सांगायचो, दुकानदारांच्या नकला करून. पहिल्यांदा ती हसली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुम्हाला सेट घ्यायचाय की भांडायचंय?"

शेवटी कारखान्यातल्या वेल्डरनं गास गावातल्या एका म्हाताऱ्याचं सांगितलं. पूर्वी बोटीवर रेडिओचं काम करायचे, आता घरीच फाटलेल्या स्पीकरला नवा कागद चढवून देतात, गावच्या चर्चच्या सणाला कर्णेही तेच बांधतात. एका रविवारी मी गाडी काढली, रूळ ओलांडून पश्चिमेला गेलो आणि केळीच्या वाडीतून त्यांचं घर शोधून काढलं. ओटीवर स्टुलावर बसून ते एका मोठ्या स्पीकरला गोंद लावत होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंडी, चष्म्याला दोरा. आत बायकोशी ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते, त्यातलं मला काही कळत नव्हतं. माझ्याशी मात्र स्वच्छ मराठीत बोलले, आणि ते समजलं नसतं तर बरं झालं असतं.

मी वही पुढे केली. "अंकल, एवढं बघता का? सहा हजारांत बसवायचंय."

त्यांनी गोंदाचा ब्रश खाली ठेवला, वही घेतली, चार पानं उलटली आणि परत दिली.

"गाडी कुठाय?"

"बाहेर."

ते येऊन बसले. "सेट बंद ठेव. चालव."

गासच्या त्या अरुंद रस्त्यावरून मी त्यांना दोन मैल फिरवलं. ते डोळे मिटून बसले होते आणि एकेक मोजत होते. "हा सायलेन्सर, पत्र्याला लागतोय. हे डाव्या दाराचं रबर, गेलंय. ही डॅशबोर्डची पट्टी. हे तुझं जॅकचं हँडल, डिकीत मोकळं पडलंय." मग म्हणाले, "आता लाव." मी कॅसेट लावली. गाण्याच्या मागून एक बारीक शिट्टी येत होती. अॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची. "ही किती दिवस ऐकतोयस?"

खरं म्हणजे मी ती ऐकलीच नव्हती.

"पत्र्याच्या डब्यात बसून तू सीडीची गोष्ट करतोस," ते म्हणाले. "सीडी किती आहेत घरी?"

"तीन."

"आणि कॅसेट?"

"दोनशे असतील."

"मग अक्कल कुठे ठेवलीस?"

असं मला वालीवमध्ये कोणी बोललं असतं तर त्याचा आठवडा मी वाईट केला असता. इथे मी निमूटपणे गाडी वळवली. पण मनात म्हटलं, म्हातारा उद्धट आहे. ज्ञान असलं म्हणून काय झालं.

पुढचे पाच रविवार मी त्यांच्या अंगणात होतो. त्यांनी आधी सायलेन्सरची रबरं बदलायला लावली, मग दारांची. शिट्टी घालवायला त्यांनी फक्त एक स्क्रू काढला, खालचा रंग कानशीनं घासून लोखंड उघडं केलं आणि अर्थची तार परत कसली. शिट्टी गेली. वहीत मी त्यासाठी जाड वायर आणि फिल्टर मांडून ठेवले होते. दारांच्या आत चिकटवायला त्यांनी डांबरी कागद आणायला सांगितला, पावसाळ्याआधी गच्चीवर अंथरतात तो. आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या कामातला एक तुकडा उरला होता, तो मी सेक्रेटरीला विचारून घेतला. त्यांच्याकडच्या जुन्या स्पीकरची एक जोडी, नवा कागद चढवलेली, त्यांनी दारांत बसवली. कॅसेट प्लेअर तोच ठेवला, आतलं हेड साफ करून, स्क्रू अर्धा फेरा फिरवून सरळ केलं. अॅम्प्लिफायर नाहीच. सहा हजारांतले निम्म्याहून जास्त उरले.

गाडीत डांबराचा वास मारायचा. ऊन तापलं की बायको नाकाला पदर लावून म्हणायची, "रस्त्याचं काम चालूय असं वाटतं." पण आवाज असा झाला होता की मी सोसायटीच्या आवारात गाडी उभी करून तासन्‌तास आत बसायचो. एकच गाणं लावायचो, त्यातली एकच ओळ, तबल्याच्या शाईवरचं बोट ऐकू येतं का ते बघायला. येत होतं. मग खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाड्यांकडे बघायचो, आणि त्यांच्या सेटची मला कीव यायची.

आणि मग तो दिवस आला ज्याची मी वाट बघत होतो. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे वसईला न्यायचं होतं. सकाळी मेव्हण्याचा फोन आला. त्याची गाडी सुरू होत नव्हती. आदल्या दिवशी कुणाच्या तरी हळदीला त्यानं इंजिन बंद ठेवून चार तास सेट वाजवला होता आणि बॅटरी पार बसली होती. "जावईबापू, तुमची गाडी काढता का?"

मी इस्त्रीचा शर्ट घातला.

विरारला पोचलो. सासूबाई पुढे बसल्या, मेव्हणा आणि बायको मागे. मेव्हण्याचे गुडघे माझ्या पाठीत रुतत होते. मी एखादी उत्तम ध्वनिमुद्रणाची कॅसेट लावणार, एवढ्यात बायकोनं मागून हात पुढे करून आपली कॅसेट दिली. "ही लावा. आईच्या कपाटात होती. बाबांच्या भजनाची."

सासऱ्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. कोकणातल्या गावच्या देवळात कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली ती कॅसेट. माझा चेहरा पडला. एवढी मेहनत करून आता असला माल वाजवायचा. पण नाही म्हणता येईना.

देवळात माणसांची कुजबुज, घंटा, पेटीचा भाता. मग सासऱ्यांचा आवाज. दुसऱ्या कडव्याआधी ते थांबले, घसा खाकरला आणि अगदी हळू, तबलजीला, म्हणाले, "सावकाश रे. घाई कसली?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "हे बोलले ते?"

"हो."

"कितीदा ऐकली ही कॅसेट. हे कधी नाही ऐकलं."

मागून मेव्हणा म्हणाला, "मागे घ्या जरा." मी मागे घेतली. सावकाश रे, घाई कसली. "परत." तीन वेळा घेतली. आरशात पाहिलं तर तो खिडकीबाहेर तोंड करून बसला होता आणि बायकोनं त्याच्या दंडावर हात ठेवला होता. मी मात्र मनात शिट्टीचं, अर्थच्या स्क्रूचं आणि माझं श्रेय मोजत होतो.

उतरताना तो म्हणाला, "हे ज्यानं केलं त्याच्याकडे मला न्या."

मी आनंदानं न्यायला तयार झालो. माझ्या एवढ्याशा वहीला ज्यानं नावं ठेवली, तो म्हातारा ही डिकी बघून काय म्हणेल ते मला ऐकायचं होतं.

पुढच्या रविवारी मेव्हण्यानं गासच्या त्या अंगणात गाडी लावली आणि डिकी उघडली. निळा दिवा लागला. अंकलनी कमरेवर हात ठेवून पाहिलं. "वाजव."

त्यानं वाजवलं. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. अंकलची बायको आतून धावत आली. आणि म्हातारा हसायला लागला. खो-खो हसला, चष्मा काढून डोळे पुसले.

"काय पाहिजे तुला?" त्यांनी विचारलं.

"अंकल, मला यातलं काही कळत नाही," मेव्हणा म्हणाला. "माझ्या बापाचा आवाज यांच्या गाडीत ऐकू येतो तसा यायला पाहिजे. आणि लग्नात पोरांना नाचताही आलं पाहिजे."

"दोन्ही होईल. बस."

दिवसभर ते दोघं त्या डिकीत डोकं घालून होते. एक सबवूफर काढला, दुसऱ्याच्या डब्याला फट होती ती बुजवली, पुढे दारांत स्पीकर बसवले. दुपारी त्याला आत बोलावून मासळीचं कालवण वाढलं. मलाही वाढलं, पण गप्पा त्याच्याशी. पाच रविवारांत मला कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. अर्थात मी ते मागितलंही नव्हतं.

शेवटी मला राहवेना. मेव्हणा हात धुवायला विहिरीवर गेला तेव्हा मी म्हटलं, "अंकल, तो कचरा आहे हे तुम्हालाही माहीत आहे. त्याला का नाही सांगत?"

ते पक्कड पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला काहीतरी ऐकायचंय. तुला फक्त दुसऱ्याचं वाईट ऐकायचंय. तेही चांगलं येतं तुला, कान तयार आहे."

परतीच्या वाटेवर मेव्हणा स्टिअरिंगवर ताल धरत होता. मी शेजारी बसून त्या वाक्याला उत्तर शोधत होतो. आचोळे येईपर्यंत सापडलं नाही. नंतर अनेक उत्तरं सापडली, सगळी उत्तम, पण मी परत गासला गेलो नाही. मेव्हणा जायचा. नाताळात फराळ घेऊन जायचा, माझ्या बायकोलाही न्यायचा. ती आल्यावर म्हणायची, "अंकल तुमची चौकशी करत होते." मी म्हणायचो, "करू दे."

चार वर्षांनी ती गाडी मी नालासोपाऱ्यातल्याच एका माणसाला विकली. त्याला मी अर्धा तास दारांबद्दल आणि अर्थच्या तारेबद्दल सांगितलं. तो मान हलवत होता. आठवड्याभरानं तो घरी आला, हातात प्लास्टिकची पिशवी, आत माझे दोन स्पीकर. "हे तुमचे ठेवा," तो म्हणाला. "मी मोठे लावले. हजार वॉटचे."

बायकोनं त्याला चहा दिला. मी त्याच्यासमोर बसलो, आणि तो जाईपर्यंत एक शब्द बोललो नाही.