आईला बर्फ कुणी दाखवला

घरातलं कुठलंही लग्न असो, पंगतीत माझा थोरला भाऊ एकदा तरी म्हणतोच, "आईला हिमालयातला बर्फ मी दाखवून आणला." लोक माना डोलावतात. मी समोरच बसलेली असते आणि पानातली जिलेबी मोडत गप्प राहते, कारण लग्नघरात आवाज चढवायचा नाही हे आईनं मला लहानपणीच बजावलेलं आहे. तोंड बंद ठेवायचं, पण लिहू नको असं कुणी म्हटलेलं नाही.

आमचे हे हवाई दलात, म्हणून आम्ही चंदीगडला. मी घरात एक शिलाई मशीन घेऊन बसले आणि मोहालीच्या सेक्टर सदुसष्टमधल्या औषधशास्त्राच्या पोरांना पांढरे कोट शिवून द्यायला लागले. पुढे डॉक्टरांचे आले, लॅबवाल्यांचे आले, मशीनं वाढली. लुधियानाच्या कापडवाल्यांशी घासाघीस करून माझी जीभ तयार झाली. ते मला बघितलं की गल्ल्यावर पोराला बसवून आत निघून जायचे.

चंदीगडला राहणाऱ्या मराठी माणसाचं घर मे महिन्यात धर्मशाळा होतं. सगळ्यांना "शिमल्याला जाता जाता" आमच्याकडे उतरायचं असतं. त्या वर्षी दादा, वहिनी आणि आई मिरजेहून आले. बाकीच्यांचं मी मनावर घेत नसे, पण आईचं वेगळं होतं. तिच्या भजनी मंडळातल्या बायका बस करून केदारनाथला जाऊन आल्या होत्या, आणि दादानं "गुडघे बघ आधी" म्हणून तिला पाठवलं नव्हतं. तेव्हापासून दर एकादशीला त्या बायकांकडून बर्फाचं वर्णन ऐकून ती कंटाळली होती. मला फोनवर म्हणाली होती, "एकदा लांबून का होईना, दाखव. मग मी त्यांना गप्प करते."

दादाच्या रजेत डोंगरासाठी एकच दिवस निघाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची परतीची गाडी. म्हणून शिमला सोडून कालक्याच्या वरचं चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांतलं एक लहान गाव ठरवलं. तिथल्या कड्यावरून बर्फाची शिखरं दिसतात असं सगळे सांगत.

सेक्टरातल्या टॅक्सी स्टँडवर गेले. भाडं युनियनचं, त्यात काही हलत नाही. मग मी पॉइंटांवर आले. डोंगरातले ड्रायव्हर पॉइंट विकतात. लव्हर्स पॉइंट, इको पॉइंट, सुसाइड पॉइंट. सरदारजी म्हणाला सात.

"दस," मी म्हणाले.

"मैडम जी, पहाड में उतने पॉइंट हैं ही नहीं!"

"तो बनाओ."

शेवटी नऊवर आला. "और बरफ?" मी विचारलं. "वो तो है ही जी, पक्का." मी खुशीत घरी आले.

पहिला पॉइंट निघाला शालींचं दुकान. दुसरा ढाबा. "हा पॉइंट कसा?" मी गरजले. "यहाँ से वैली दिखती है जी," तो म्हणाला. दिसत होती खरी, बाथरूमच्या खिडकीतून. तिसरी सफरचंदाची बाग, मे महिन्यातली, म्हणजे नुसती पानं. इको पॉइंटवर वीस कुटुंबं एकाच वेळी ओरडत होती, त्यामुळे आपला आवाज कुठला परत आला ते कळायला मार्ग नव्हता. एका बंगल्याच्या फाटकाशी उभं करून त्यानं सांगितलं, इथे पिक्चरचं शूटिंग झालं होतं. फाटकाला कुलूप. वहिनींनी कुलुपासोबत फोटो काढला.

प्रत्येक ठिकाणी आई गाडीतून उतरायची, पदर सावरायची आणि विचारायची, "हितनं दिसतो का?"

दुपारी मी म्हणाले, "उरलेलं सगळं सोडा, सरळ बर्फाचं दाखवा." दादा मागून म्हणाला, "का म्हणून? तूच ठरवलेत ना नऊ? मग नऊ बघायचे." दादा नोकरीत असेपर्यंत कँटीनच्या ताटातलं लोणचंसुद्धा सोडत नसे.

आठव्या पॉइंटवर दुर्बीणवाला होता. "आओ माताजी, बरफ देखो!" आईनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून म्हणाली, "अगं, ही तर कोंबड्यांच्या खुराड्यांची पत्र्याची छपरं हायती." मी त्या दुर्बीणवाल्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. वहिनी माझा दंड ओढत होत्या, "वन्सं, पुरे हो, लोक बघतायत."

नववा सनसेट पॉइंट. कडा होता, कठडा होता, समोर होती नुसती धूळ. मैदानातून वर चढलेली, राखेच्या रंगाची. त्यात सूर्य पिवळ्या बटणासारखा बुडाला.

"बरफ कहाँ है?"

"बरफ तो सुबह दिखती है जी."

"मग सकाळी इथे का नाही आणलं?" रागात मी मराठीतच विचारलं, पण त्याला कळलं.

"मैडम जी," तो अगदी शांतपणे म्हणाला, "सनसेट पॉइंट है. सुबह कैसे लाता?"

आजही माझं म्हणणं हेच आहे की त्यानं फसवलं. दादाचं म्हणणं, माणूस शब्दाला जागला, नऊ म्हणजे नऊ दाखवले.

"चला, राहिलं तर राहिलं," दादा म्हणाला. "उद्या गाडी आहे. बांधाबांध व्हायची आहे."

आई कठड्याजवळच्या बाकावर बसली होती. ती उठली नाही.

"आई, चल."

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी सकाळी बघून येते."

साठीनंतरच्या आयुष्यात तिनं दादाला दिलेला तो पहिला नकार असावा. दादा माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच तिला शिकवून ठेवलं होतं. "गाडी चुकली तर?" "चुकली तर मी पोचवते मिरजेला," मी म्हणाले. ते दोघं टॅक्सीनं खाली गेले. मी एसटीडी बूथवरून ह्यांना कळवलं आणि बाजारात एक खोली घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच मी घासाघीस केली नाही.

रात्री वादळ आलं, सरी आपटून गेल्या आणि धूळ खाली बसली. उजाडताना आईनंच मला हलवून उठवलं. कड्यावर कुणी नव्हतं. हिरव्या डोंगरांमागे निळे, निळ्यांमागे आणखी फिकट, आणि त्यांच्या वर, जिथं मी ढग शोधला असता तिथं, पांढरी दातेरी कड या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एवढा लांब होय?" आई म्हणाली. बसली मात्र नाही. एका हातानं गुडघा धरून उभीच राहिली. मी आणलेला चहा तिच्या हातात गार झाला. मग म्हणाली, "मंडळातल्या बायकांनी जवळून बघितला असंल. पर एवढा सगळा एकदम न्हाई."

पहिल्या बसनं उतरलो, गाडी मिळाली. मी फलाटावर उभी होते, डबा हलायच्या आत खिडकीतून दादाचा आवाज माझ्या कानावर आला. समोरच्या प्रवाशाला सांगत होता, "आईला बर्फ दाखवायला आणलं होतं." आई शेजारीच बसली होती. काही बोलली नाही. त्यानंतर इतक्या लग्नांत बोलली नाही.

एकदा मी तिला गाठून विचारलंच. "तुझ्यादेखत तो सांगतो, तू एका शब्दानं का म्हणत नाहीस की हिनं दाखवला?"

"सांगू दे की. नऊ ठिकाणं फिरून दमला होता बिचारा."

"आणि मी?"

"तू कुठं दमलीस?" आई म्हणाली. "तू तर दिवसभर भांडत होतीस."

पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न आहे. माझं पान दादापासून लांब मांडा, असं मी वहिनींना आत्ताच सांगून ठेवलंय.