ठाण्याच्या आवारातली म्हैस

पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून बांधलेली ती म्हैस अजून डोळ्यांसमोरून जात नाही, आणि त्या प्रकरणात मी काय केलं, तेही.

मी तेव्हा दहिसर ठाण्याचा प्रमुख होतो. तिथला एक तबेलेवाला पाच वर्षं नगरसेवक होता. पहाटे धारा काढायच्या, मग कपडे बदलून वॉर्डात फिरायचं. एका सभेत त्याने मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ते मी मनात ठेवलं. पुढे तो निवडणुकीत पडला आणि काही महिन्यांनी ठाण्यात आला. ताजी व्यालेली म्हैस चोरीला गेली होती. आठ दिवसांचं रेडकू बाटलीला तोंड लावत नव्हतं. मी अंमलदाराला सांगितलं, अर्ज घेऊन ठेव, गुन्हा नोंदवू नकोस. दोन दिवस तो बाकावर बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. बोरीवलीच्या एका तबेल्यात कानातला बिल्ला तोडलेली म्हैस आली होती. आता मात्र गुन्हा नोंदवला, म्हैस आणली. तिथला मालक चौकशीत बधेना. खरेदीची पावती दाखवून म्हणाला, माझीच आहे, रोज मीच धार काढतो.

"मग बस ना रे तिच्याखाली," माजी नगरसेवक शांतपणे म्हणाला.

पंचांसमोर बादली आणली. बोरीवलीवाल्याने ओढून ओढून पाहिलं, थेंब नाही. वर तिने अशी लाथ झाडली की बादली गेटपर्यंत गेली. मग माजी नगरसेवक बसला. पाठीवर थाप मारून "चल गं बाय" म्हणाला, आणि तिला पान्हा फुटला. हवालदार चक्क टाळ्या वाजवू लागले. बोरीवलीवाल्याने पावती खोटी असल्याचं तिथेच कबूल केलं. टेम्पोतून रेडकू आणलं, ते आईला असं बिलगलं की पंचनामा लिहिणारासुद्धा थांबला.

माजी नगरसेवकाने माझा जाहीर सत्कार केला. मी शाल मुकाट्याने घेतली.

निवृत्तीनंतर, गेल्या महिन्यात, ती शाल घेऊन तबेल्यात गेलो आणि सगळं सांगून टाकलं. तो हसला.

"साहेब, मी पाच वर्षं पालिकेत काढली. अर्ज कुठे दबतो ते मला कळत नाही होय? बसा."

त्या रेडकाची आता दुभती म्हैस झाली आहे. त्याने मला तिच्याखाली धारेला बसवलं, पण माझ्या हाताला काही येईना.

"हात सैल सोडा. तिला कळतं."

समोर कोण उभा आहे हे न बघता तक्रार लिहून घ्यायची, एवढं साधं मला नोकरीत जमलं नाही. बऱ्याच वेळाने एक बारीक धार बादलीत वाजली. तो माझ्यापेक्षा मोठ्याने हसला.