बोललेला कोंबडा

बाळादादा गेला तेव्हा त्याचं एकच देणं राहिलं होतं : एक कोंबडा. तो नवसाला बोलला गेला गेल्या साली, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी, त्याच्या परसात, जागेच्या राखणदाराच्या दगडापुढे. हजर आम्ही दोघेच : तो आणि शेजारी राहणारा चुलतभाऊ म्हणून मी. वहिनी इस्पितळात होत्या. दादाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, हिला घरी येऊ दे, तुला कोंबडा देतो."

वहिनी घरी आल्या. आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं... आठवड्याच्या आत गेल्या.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, "विनू, शब्द माझाच चुकला रे. 'बरी होऊन' म्हणायचं राहिलं. तो आपल्या शब्दाला जागला."

मी म्हटलं, देव असा हिशेब करत नाही.

"मेल्या, तू वीजबिलातला रुपाया सोडत नाहीस, तो कशाला सोडील?" दादा हसला.

बोललेला कोंबडा घरचाच, वहिनींनी तळहातावर दाणे देऊन वाढवलेला. दादाला तो कापवेना. पण रानातल्या जनावराने नेला, तर कोंबडाही जायचा आणि देणंही फिटायचं नाही. तेव्हा त्याला जपणं आलं. आमच्या वस्तीमागचा डोंगर कापून बंगले झाले, तसं तिथलं रान आमच्या परसात उतरलं. आधी मुंगूस आलं. खुराड्याखालची माती उकरून त्याने दोन कोंबड्या नेल्या, म्हणून आम्ही तळाला चिरे बसवले. मग रानमांजराने जाळीतून पंजा घालून तिसरीची मान ओढली. मी भोकं मोजली. माझी तीन बोटं आत जात होती. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, मांजराला बाहेर ठेवत नाही, हे तेव्हा कळलं. चिपळूणहून अर्ध्या इंचाची, जाड तारेची जाळी आणली. रोज दिवेलागणीला दादा कोंबडा आत घाली, कडीत लाकडी खुंटी सारी, दोनदा ओढून पाही आणि म्हणे, "नीज रे बाबा. आज पण मागायला कोणी आलेलं नाही."

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझी बायको कुंपणावरून बघून म्हणाली, "दादांकडे अजून दिवा नाही हो." मी गेलो. दादा खुराड्याला टेकून बसला होता. हाक मारली, हात लावला... खुंटी सारलेली होती. तरी मी ती दोनदा ओढून पाहिली.

तेरावं झाल्यावर त्याचा मुलगा संदेश, मुंबईला परतायच्या सकाळी, म्हणाला, "काका, बाबांचं देणं मागे नको. कोंबडा देऊन टाकूया?"

"थांब. आधी मला बोलू दे."

राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवून मी एकेक शब्द तोलून गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, वहिनी घरी आल्या, पण बऱ्या होऊन आल्या नाहीत. दादाला नीट मागता आलं नाही, तुला नीट देता आलं नाही. दोघांचंही राहिलं. आता हा नारळ मानून घे आणि कोंबडा त्याच्या मरणाने मरेपर्यंत आमच्याकडे राहू दे."

संदेश तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

खुंटी आता मी सारतो. दोनदा ओढतो. दादाचं ते 'नीज रे बाबा' मात्र तोंडातून निघत नाही... फिटलं ते एवढंच : दादाच्या माडाचा एक नारळ, राखणदाराला.