ताईनं नाही

बाईंच्या हाताखालून आजवर एकही पोर नापास झालेलं नव्हतं. ही गोष्ट गल्लीत कुणाला माहीत नसेल तर बाई स्वतः थांबून सांगायच्या. ज्यांचं काही खरं दिसत नाही अशा पोरांना त्या वर्षाच्या मध्येच 'दुसरीकडे बघा' म्हणून वाटेला लावायच्या, ते मात्र सांगायच्या नाहीत. पण शिकवायच्या झकास, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला फळा, कोपऱ्यात मान हलवणारा पंखा, जिन्यात चपलांचा ढीग, आणि ह्या सगळ्यावर बाईंच्या तोंडाचा पट्टा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

मागच्या खोलीत बारक्या, बाईंचा धाकटा भाऊ. हे नाव लहानपणी पडलं, पुढे तो सहा फुटांचा झाला तरी नाव काही वाढलं नाही. ऐन विशीत त्याला नसलेली माणसं बोलताना ऐकू यायला लागली. स्किझोफ्रेनिया, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईवडील तोवर गेलेले. बाईंनी शाळेतली नोकरी सोडली, दवाखान्याचे खेटे घातले, गोळ्या वेळच्या वेळी हातावर ठेवल्या, आणि हळूहळू ते आवाज थांबले.

आवाज गेले, पण बारक्या काही पुरता परत आला नाही. दोन वस्तू आणायला पाठवला तर एकच आणायचा, आणि तीही भलतीच. दूध गॅसवर ठेवून पुढ्यातच उभा राहायचा आणि ते उतू जाताना बघायचा. कुणी भरभर बोललं की त्याचा चेहरा कोरा व्हायचा. बाईंनी उभ्या आयुष्यात असली पोरं ढिगानं पाहिलेली, त्यांनी निदान करून टाकलं: आळस. आवाज होते तोवर आजार, आवाज गेले की आळस. डॉक्टरांना विचारायची त्यांना गरजच वाटली नाही.

तरी बाईंनी खटपट करून त्याला कामाला लावला. पलीकडच्या रस्त्यावर पुस्तकं बांधायचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या, कागद कापायचं एक यंत्र आणि खळीचा वास. बारक्यानं छापलेल्या कागदांचे घडी घातलेले गठ्ठे क्रमानं एकावर एक लावायचे, मग शिलाईला द्यायचे. चौथ्यानंतर पाचवा, पाचव्यानंतर सहावा, ह्यात काय आहे? बारक्याला त्यातच सगळं होतं. चौथा हातात घेईपर्यंत तिसरा लावला की नाही ते डोक्यातून जायचं. एका पुस्तकाचा शेवट दुसऱ्याच्या पोटात गेला आणि गिऱ्हाइकानं कारखान्याच्या मालकाच्या, बाइंडरच्या, डोक्यावर मिरे वाटले.

बाइंडर मऊ माणूस. बाईंना गाठून म्हणाला, "बाई, पोरगा गुणाचा आहे. मी त्याला नुसतं पुठ्ठ्याला खळ लावायला बसवतो. एकच काम. तेवढं जमेल त्याला."

"मुळीच नको," बाई म्हणाल्या. "आळस आहे तो, दुसरं काही नाही. तुम्ही लाड केलेत की तो आणखी ढिला पडेल. कडक राहा."

शिकवण्यातल्या माणसानं सांगितलं म्हणताना बाइंडर कडक राहिला. महिना काही संपला नाही. एका दुपारी बारक्या डबा हातात घेऊन घरी आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, मला काढलं. चुकलं माझं." बाईंनी त्या दुपारी त्याला काय काय सुनावलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. बाइंडरशी झालेलं बोलणं मात्र त्यांनी पोटात ठेवलं. वर्षं गेली. बारक्या मागच्या खोलीत बसून शिकवणीच्या पोरांच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचा, आणि तेवढं तो फार छान करायचा.

मग एकदा दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की ह्या आजारातल्या लोकांच्या विचार करण्यावर, लक्ष ठेवण्यावर आपल्याकडे एक संशोधन चाललंय, चाचणी घेऊन माणसं निवडतात आणि मग कित्येक महिने त्यांच्याकडून सराव करून घेतात. बाईंच्या कानात दोनच शब्द शिरले: चाचणी आणि निवड. सरावाचं त्यांनी अर्धवटच ऐकलं. त्याच संध्याकाळी त्या बाइंडरकडे गेल्या आणि बारक्या आता लक्ष ठेवायला शिकून येणार, असं सांगितलं. तो म्हणाला, "तसलं काही शिकून आला तर आणा की परत. मला माणूस हवाच आहे." बाईंचा जीव केवढा हरखला म्हणता!

पहिल्या दिवशी चाचणी घेणाऱ्या मुलीनं बाईंना खोलीच्या कोपऱ्यात बसू दिलं. मुलगी तरतरीत, बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. "आज नुसती ओळख," ती म्हणाली. "खरी चाचणी पुढच्या महिन्यात. मध्ये घरी ह्याचा सराव घेऊ नका हं, आम्हाला खरं काय ते कळायला हवं." बाईंनी मान डोलावली. मुलीनं बारा शब्द वाचून दाखवले, तराजू, पोपट, बोगदा, असे कशाचा कशाला मेळ नसलेले, आणि बारक्याला म्हणाली, आठवतील तेवढे सांगा.

बारक्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. कपाळावर घाम आला. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. "तराजू," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "पोपट." मग त्यानं डोळे मिटले, मान खाली घातली, आणि त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. शेवटी "टोपी" म्हणाला. टोपी त्या बारांत नव्हतीच.

बाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. आळशी पोर कसं दिसतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, सगळी हयात त्यांनी तेच पाहिलेलं. आळशी पोराला घाम येत नाही. हे पोर जीव तोडून करत होतं आणि त्याला येत नव्हतं. बाइंडरला सांगितलेलं वाक्य त्यांना शब्द न् शब्द आठवलं, आणि घरी येईपर्यंत त्या बारक्याकडे सरळ बघू शकल्या नाहीत.

आता दुसरं कुणी असतं तर डॉक्टरांकडे गेलं असतं, विचारलं असतं, रडलं असतं. बाईंना अपराधी वाटलं की एकच करता यायचं, आणि ते म्हणजे शिकवणं. शब्द त्यांच्या डोक्यात बसलेलेच होते. दुसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता त्यांनी सुरुवात केली. "तराजूवर कोण बसलं?"

"पोपट," बारक्या म्हणाला.

"तो उडून कुठं गेला?"

"बोगद्यात."

"मग बोगद्यात काय लटकत होतं?"

"ताई, तू," बारक्या म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली. लटकत होता तो कंदील. कंदिलाशेजारी कुलूप, कुलपात अडकलेली सुई, असं करत करत बाईंनी बाराही शब्दांची माळ त्याच्या गळ्यात घातली. रागावल्या नाहीत. शंभरदा चुकला तर शंभरदा सांगितलं. इतक्या वर्षांत त्या दोघांचं असं कधी जमलं नव्हतं. बारक्या सकाळी उठल्या उठल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि न विचारता सगळे म्हणून दाखवायचा. त्या मुलीनं सराव करू नका म्हटलेलं बाईंना आठवत नव्हतं अशातला भाग नाही. पण त्यांच्या मते परीक्षा म्हणजे परीक्षा, आणि आपलं पोर तिथं हात हलवत पाठवायचं म्हणजे काय!

पुढच्या महिन्यात बाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दार पुरतं लागत नव्हतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. बारक्या ठेवणीतला शर्ट घालून आत गेला होता. मुलीनं शब्द वाचायला घेतले. "बादली, सिंह, पूल, चाक..."

यादीच वेगळी. अहो, जी स्वतः दर परीक्षेला नवी प्रश्नपत्रिका काढते, तिला एवढं सुचू नये?

मग आतून बारक्याचा आवाज आला, ठणठणीत. "तराजू, पोपट, बोगदा, कंदील, कुलूप, सुई..." बाराच्या बारा, क्रमानं.

"हे आजचे शब्द नाहीत," मुलगी म्हणाली. "पुन्हा वाचते, नीट ऐका." तिनं पुन्हा वाचले. बारक्यानं पुन्हा तराजूपासून सुरुवात केली. ह्या वेळी आवाज जरा कापत होता, पण एकही सुटला नाही.

"हे शब्द तुमच्याकडून कुणी पाठ करून घेतले का?"

आत खुर्ची करकरली.

"ताईनं नाही," बारक्या म्हणाला.

मुलगी बाहेर आली आणि दार तिनं मागे ओढून घेतलं. बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलेलं होतं, न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? पण ती सभ्यपणानं म्हणाली, "आजची चाचणी धरता येणार नाही. ते म्हणतात, कुणी शिकवलं नाही. मग मला असं लिहावं लागेल की त्यांना सूचना पाळता येत नाहीत. म्हणजे यापुढे त्यांना इथं घेताच येणार नाही."

गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. बाईंचं नाव कुठंच येत नव्हतं. बारक्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलेलं होतं, जसं मागं एकदा डबा ओट्यावर ठेवताना घेतलं होतं.

"मी शिकवलं," बाई म्हणाल्या. "तो खोटं बोलतोय. मला वाचवतोय."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"मग का केलंत?"

"नापास झाला असता."

मुलगी रागावलेली होती, पण त्या उत्तरानं तिचा राग कुठल्या कुठे गेला. "बाई," ती म्हणाली, "ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीच तर आहे हे. आवाज गोळ्यांनी थांबतात, पण लक्षात ठेवणं, एकामागून एक काम करणं, हे ह्या आजारात बिघडलेलंच राहतं. पुष्कळ घरांत त्याला आळस म्हणतात. त्यांना येत असतं आणि ते करत नाहीत, असं नसतं. त्यांना येतच नसतं."

बाइंडरला आपणच हे सांगायला हवं होतं आणि आपणच उलटं शिकवून आलो, एवढं त्यांना कळलं आणि त्यांची मान खाली गेली. मुलगी म्हणाली, ह्या खेपेला जागा नाही देता येणार, पण खरं सांगितलंत म्हणून पुढच्या तुकडीला नव्यानं बसवता येईल. पुढची तुकडी कधी, ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर बारक्या म्हणाला, "ताई, मी बाराही सांगितले. तुझं नाव नाही घेतलं."

"कळलं मला," बाई म्हणाल्या, आणि घराकडं न वळता त्या त्याला घेऊन पलीकडच्या रस्त्याला लागल्या.

बाइंडर यंत्राशी उभा होता. बाईंनी बसायलाही नकार दिला. बसल्या असत्या तर बोलणं झालं नसतं. "सराव काही मिळाला नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं. पण मागं तुम्ही म्हणाला होतात, त्याला एकच काम देतो, खळ लावायचं. ते अजून देता येईल का? मी तेव्हा आळस म्हणाले, कडक राहा म्हणाले. ते चूक होतं. त्याला जमत नव्हतं."

बाइंडरनं बारक्याकडं पाहिलं, मग बाईंकडं. "मी तर तेव्हाही हेच म्हणत होतो," तो म्हणाला. "ब्रश तिथं आहे. आजच बसवा म्हणत असाल तर आजच बसवतो."

बारक्या जागचा हलला नाही. त्याचे ओठ हलत होते. "कडक राहा म्हणाली होतीस?" त्यानं विचारलं.

"हो."

बारक्या वळला. कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला, ब्रश खळीत बुडवला आणि एक पुठ्ठा पुढ्यात ओढला. बाई दाराशी थांबल्या. तो वर न बघता म्हणाला, "तू घरी जा ताई. मी माझा येईन."

त्या संध्याकाळी बाई शिकवणीला बसल्या, पण फळ्यावर त्यांनी एकच गणित दोनदा लिहिलं. पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. शिकवणी सुटायच्या वेळेला बारक्या आला, चपलांच्या ढिगातून वाट काढत, बोटांवर खळ वाळलेली. पोरांसमोरच तो सतरंजीच्या कडेला उभा राहिला. एवढा वेळ त्यानं आपलं बोलणं मनात धरून आणलं होतं, वाटेत सांडू न देता, हे बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"सकाळी मी त्या मॅडमला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "तुला बोलणी बसू नयेत म्हणून."

"हो."

"मागं मला कामावरून काढलं तेव्हा मला वाटलं होतं, माझंच चुकलं. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. तू सांगितलं नाहीस."

पोरं टकामका बघत होती. बाईंच्या हातात खडू होता. त्यांना पुष्कळ बोलता येत असे, सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण त्या वेळी त्यांना काहीच आलं नाही.

बारक्या वाट बघत उभा राहिला. बाई उत्तर न आलेल्या पोराला जितका वेळ द्यायच्या, त्यापेक्षा त्यानं किती तरी जास्त दिला. मग हात धुवायला आत गेला.