पेढे वाटून झाल्यावर

"आधी तोंड गोड करा, बाई, मग बोला."

दार उघडलं की अण्णा हेच म्हणायचे. डाव्या तळहातावर पेढ्यांचा बॉक्स. उजव्या अंगठ्याने झाकण वर करायचं आणि बॉक्स असा फिरवायचा की धड पेढा समोरच्याच्या बाजूला यावा आणि चेपलेला त्यांच्याकडे राहावा. असं एखादं माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. आनंद एकट्याने खाल्ला तर अशा माणसांना पचत नाही.

कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर होती. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणते. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत ते पॅकिंगला होते आणि नखांच्या कडांना निळा रंग कायमचा बसलेला होता. मी शाळेत शिकवायचे म्हणून मी त्यांची बाई.

त्यांच्या पेढ्यांना फार मोठं कारण लागत नसे. नळाला जोर आला, पेढे. त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, पित्ताशयातले खडे निघाले, पेढे. त्यांचा एकुलता एक ओंकार दहावीत माझ्या विषयात काठावर पास झाला, तेव्हा पहिला पेढा मला. "तुमच्यामुळे झालं, बाई!" पेपर तपासणारा दयाळू निघाला, एवढंच झालं होतं. पण अण्णांसमोर असलं काही बोलायची सोय नव्हती. मला गोड आवडत नाही हेसुद्धा मी त्यांना कधी सांगू शकले नाही.

तोच ओंकार पुढे इंजिनिअर झाला. शेवटच्या वर्षाला असतानाच कॉलेजात एक मोठी कंपनी आली आणि त्याला ऑफर लेटर देऊन गेली. त्या दिवशी अण्णांनी आमच्या बिल्डिंगला पेढे वाटले, शेजारच्या बिल्डिंगला वाटले, इस्त्रीवाल्याला, वॉचमनला, रिक्षा स्टँडवरच्या सगळ्यांना वाटले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन खाल्ले आणि दोन घरी नेले.

मी म्हणाले, "अण्णा, आधी पोराला कामावर रुजू तर होऊ दे."

"पत्र आलंय ना, बाई! कंपनीच्या सहीचं पत्र आहे!"

त्यांच्या काळी पत्र आलं म्हणजे नोकरी लागली. ही चूक मी त्यांच्या पदरात टाकणार नाही. पत्र द्यायचं आणि माणसाला ताटकळत ठेवायचं, ही रीत नंतरच्या शिकल्यासवरल्या लोकांनी काढली.

जॉइनिंग आधी दिवाळीनंतर होणार होतं, मग मार्चनंतर, मग "लवकरच कळवू". दर वेळी मेल यायचा, फार गोड भाषेत. सेक्रेटरी जिन्यात भेटले की विचारायचे, "काय अण्णा, पोराचं जॉइनिंग?" आणि अण्णा हसून सांगायचे, "आलंच, आलंच." शेवटी आलेल्या मेलमध्ये कंपनीने चार ओळींत हात वर केले. तो मेल ओंकारने मला मोबाइलवर दाखवला. अण्णांनी तो कोणालाच दाखवला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात जाहीर केलं, "झालं हो सुरू! वर्क फ्रॉम होम आहे."

तेव्हापासून ओंकारची खोली म्हणजे ऑफिस झालं. सकाळी दार बंद व्हायचं, ते संध्याकाळी उघडायचं. कामवाली भांडी वाजवायला लागली की वहिनी ओठांवर बोट ठेवायच्या, "हळू गं, त्याची मीटिंग चाललीय." आत पोरगा कुठे कुठे अर्ज करत बसलेला असायचा, नाहीतर मोबाइलवर बुद्धिबळ खेळत. मोबाइलचं बिल, चपला, केस कापायचे पैसे, सगळं अण्णा द्यायचे. तेसुद्धा मागायला लागू नयेत म्हणून त्याच्या शर्टाच्या खिशात गुपचूप ठेवायचे. पंचविशीचा मुलगा शर्ट घालताना रोज आधी खिसा चाचपायचा. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

ओंकार आळशी नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. त्याने स्वतःच्या पायाने हिंडून स्टेशन रोडवर इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये काम मिळवलं. जिन्यात मला गाठून म्हणाला, "बाई, पगार काय खास नाहीये. पण माझा आहे ना. पहिल्या पगारातून आईला कुकर घेणारेय, सेटिंग लावलीय दुकानात." इतका मोकळा मी त्याला शाळेतही पाहिला नव्हता.

आठवडासुद्धा झाला नसेल. सेक्रेटरी त्या रस्त्याने गेले, त्यांनी पाहिलं आणि संध्याकाळी जिन्यात सगळ्यांसमोर अण्णांना विचारलं, "ओंकार स्कूटर विकतोय का हल्ली? कंपनी सोडली वाटतं?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मला शोरूमच्या दारात अण्णा दिसले. हातात पेढ्यांचा बॉक्स. मालकाला हसून सांगत होते, "हौस म्हणून आलेला हो. मोठ्या कंपनीत आहे तो. आता कामाचा लोड वाढलाय त्यांच्याकडे, म्हणून न्यायला आलो." मालकाने पेढा घेतला, काय करणार. ओंकार आत गेला, शोरूमचा टी-शर्ट काढून स्वतःचा शर्ट घालून आला आणि टी-शर्टाची नीट घडी करून त्याने काउंटरवर ठेवली. बाप पुढे आणि मुलगा मागे, असे दोघे माझ्यासमोरून गेले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरात जाऊन भांडले. "अण्णा, तुमचे पेढे लोकांना कधीच पचले. कोणाच्या लक्षातसुद्धा नाहीत."

"लोक विसरत नाहीत, बाई."

"मग नाही विसरले तर नाही! पोराला नोकरी मिळाली होती ना?"

"ती नोकरी नाही. ते दुकान आहे." ते आवाज न चढवता म्हणाले. "त्याला काय कमी आहे? मी आहे ना अजून."

वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला. तो मी घेतला नाही.

पुढे अण्णांच्या कंपनीलाच टाळं लागलं. हातात आले ते पैसे किती दिवस पुरणार, हे मला समजत होतं, पण विचारणार कोण? अण्णा मात्र खुशीत होते. म्हणाले, "सुटलो! आता रोज टिटवाळ्याला. गणपतीच्या देवळात सेवेला जातोय." सकाळी आंघोळ, कपाळाला गंध, हातात पिशवी. पिशवीत डबा. देवाच्या सेवेला डबा कशाला लागतो, असं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मी ते सोडून दिलं.

निवृत्तीनंतर कुठेतरी स्वस्तात एक खोली घ्यावी म्हणून एका रविवारी मी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगी बघत हिंडत होते. एका साइटवर सॅम्पल फ्लॅट बघायला माझ्याबरोबर एक तरुण जोडपंही होतं. दाखवायला आला तो माणूस पांढऱ्या शर्टात, गळ्यात बिल्डरच्या नावाचं कार्ड. अण्णा.

त्यांनी मला पाहिलं. गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि म्हणाले, "या मॅडम, तुम्हीपण या." मला मॅडम म्हणाले! हॉल दाखवला, किचन दाखवलं. आतल्या खोलीत बेताचा पलंग आणि टेबलावर पुठ्ठ्याचा लॅपटॉप ठेवलेला होता. जोडप्याला म्हणाले, "ही मुलाची खोली. आज लहान आहे, पण उद्या शिकेल, नोकरीला लागेल. त्याला दार लावून शांतपणे बसता आलं पाहिजे." जोडप्यातली बायको कौतुकाने टेबलावरून हात फिरवत होती. मला तिथे उभं राहवेना.

खाली आल्यावर त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला. म्हणाले, "देवाच्याच गावात आहे, बाई. अगदीच खोटं नाही."

"ओंकारला माहितीय?"

"नाही! आणि सांगू नका. त्याला कळलं तर तो परत त्या दुकानात जाईल."

"मग जाऊ दे की!"

त्यांनी मान हलवली. "अख्ख्या बिल्डिंगला पेढे दिलेत, बाई."

उन्हात उभ्या उभ्या मला हसू फुटलं आणि त्याचबरोबर रडूही आलं. कमावणारा देवळात आणि बेकार ऑफिसात, असं घर मी दुसरं पाहिलं नाही. आणि हे सगळं कोणासाठी? तर ज्यांनी दोन खाल्ले आणि दोन घरी नेले, त्यांच्यासाठी.

मी त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी ओंकारला गच्चीवर बोलावलं आणि सांगून टाकलं. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला.

"माहितीय मला, बाई. मी गेलेलो एकदा मागोमाग. कस्टमरचं पोर कडेवर घेऊन बाल्कनी दाखवत होते. घामाने शर्ट ओला झालेला."

"मग? बोलला नाहीस?"

"काय बोलू? घरी येऊन विचारतात, आज काम फार होतं का रे? मी म्हणतो, होतं थोडं. मग त्यांना बरं वाटतं. जेवतात नीट." खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी खरं बोललो ना, तर त्यांचं सगळंच गेलं. मग ते टिटवाळ्याला तरी कशाच्या जोरावर जातील?"

"आणि तुझं काय?"

"माझं काय," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

अण्णा मे महिन्यात गेले. टिटवाळ्याच्या त्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट अजून बसली नव्हती आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघायचा गिऱ्हाइकाचा आग्रह होता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत. फोन बिल्डरच्या ऑफिसातून आला. आणायला सेक्रेटरी स्वतः गेले होते. गळ्यातलं कार्ड त्यांनीच काढलं. म्हणजे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं म्हणजे सगळ्यांनाच कळलं.

तरी तिसऱ्या दिवशी भेटायला आले तेव्हा सतरंजीवर मांडी घालून सेक्रेटरी काय म्हणाले? "गणपतीच्या पायाशी गेले, वहिनी. भाग्य लागतं." आलेल्या सगळ्यांनी हात जोडले. मग ओंकारच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कंपनीने रजा दिलीय ना रे?"

ओंकार इतका वेळ खाली बघत होता. त्याने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कसली कंपनी, काका? मला नोकरी नाहीये. कधीच नव्हती. बाबा तिकडे उन्हात फ्लॅट दाखवायचे आणि मी इथे बसून खायचो."

मला वाटलं, सुटला पोरगा. आता हे घर सुटलं.

"धक्का बसलाय त्याला," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "कालपासून असंच काहीबाही बोलतोय हो. सोमवारी ऑफिसला बसला की येईल ताळ्यावर." आणि सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "वहिनी, तो खरं बोलतोय. तुम्हालाही माहितीय, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला माहितीय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"हे असते," त्या म्हणाल्या, "तर आज माझ्या दारात येऊन असं बोलायची कोणाची हिंमत झाली नसती."

ओंकारने वर केलेली मान पुन्हा खाली घातली.