मे महिन्यातली लोकर

"पण सुईला हात लावायला तुला सांगितलं कोणी?" चंद्रावतीने पुन्हा विचारलं, आणि मृणालीने पुन्हा तेच उत्तर दिलं.

"पडून होतं, आई. तुम्ही कासूला साखरपुड्याला गेलात. म्हटलं, तेवढंच पुढे सरकेल."

"पडून नव्हतं. ठेवलं व्हतं."

चंद्रावतीच्या मांडीवर विटकरी रंगाची अर्धी शाल होती. ती कासू गावाला गेली तेव्हा विणलेली पट्टी सरळ होती. आता मध्यापासून ती दोन्ही बाजूंनी फाकत गेली होती, सुपासारखी. टाकेही वेगळे. सासूची वीण सैल, सुनेची आवळलेली. कुठे एकीचा हात थांबला आणि कुठे दुसरीचा सुरू झाला, हे बोटाने दाखवता येत होतं.

"सरळ काय नि तिरकी काय," तिचे यजमान दिनानाथ टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "पांघरायचीच हाय ना? कोण येणाराय तुला बघायला?"

"तुमच्या पँटीचा एक पाय रुंद शिवला असता, तर टेलरच्या उरावर बसला असता तुमी."

रोह्यासारख्या गावात, त्यातही मे महिन्यात, लोकर घेऊन बसलेली बाई म्हणजे हसण्याचाच विषय. खालच्या मजल्यावरच्या विमलबाई येता-जाता विचारत, "काय गो चंद्रावती, हिमालयात चाल्लीस काय?" पण थंडी घरातच होती. मुलगा विशाल कंपनीतून शिफ्ट करून भट्टीत भाजल्यासारखा घरी यायचा, म्हणून रोह्याच्या अष्टमी भागातल्या या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीत एसी बसवला होता. उन्हाळाभर सगळे त्याच खोलीत झोपत. विशाल-मृणाली पलंगावर, दिनानाथ भिंतीकडे, आणि चंद्रावती नात मनस्वीला घेऊन खाली, बरोबर एसीच्या तोंडाशी. पहाटे तिचे खांदे लाकडासारखे होत. गोधडी होती; पण गोधडीत मनस्वी शिरायची आणि उजाडेपर्यंत गोधडी मनस्वीची झालेली असायची.

विणकाम ती लग्नानंतर शिकली. तेव्हा शेजारच्या खोलीत एक पंजाबी बाई राहायची. पेणच्या खाडीकाठावरून, मिठागरावरच्या घरातून आलेल्या चंद्रावतीला तिची भाषा कळत नव्हती, आणि त्या बाईला हिची. त्यामुळे शिकणं म्हणजे नुसतं हातांकडे बघणं. नमुना नाही, कागद नाही. ज्याच्यासाठी विणायचं त्याला समोर उभं करायचं, पाठीवर वीत टाकायची आणि सुरू करायचं. विशालचे स्वेटर असे झाले, पुतण्यांच्या टोप्या झाल्या, मनस्वी जन्मली तेव्हा तिचं दुपटं झालं. या वेळी पहिल्यांदाच तिने वीत स्वतःच्या खांद्यावर टाकली होती. तीही दार लावून, कोणी पाहू नये म्हणून.

"मग किती रुंद करायची ते कुठेतरी लिहून ठेवायचं होतं," मृणाली म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. "मला कसं कळणार?"

"लिहायचं कशाला? मी विणत व्हते ना!"

"आमच्या कारखान्यात असं नसतं, आई." मृणालीच्या वडिलांचा पेणला गणपतीचा कारखाना होता. "हात रिकामा झाला की समोरची मूर्ती उचलायची. पितांबर कोणी रंगवला, दागिने कोणी काढले, कोणी विचारत नाही. अर्धवट ठेवलेलं दिसलं की माझा हात आपोआप जातो. लहानपणापासून तीच सवय."

"मग मी काय गणपती करतेय?"

मृणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी वाईट केलं का काही? मनस्वी तुमच्याच कुशीत झोपते. तिच्यामुळे तुम्ही उघड्या पडता, ते मी बघते ना रोज. दोघींना पुरावी म्हणून दर ओळीला टाके वाढवत नेले."

चंद्रावतीने त्या फाकलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. सुनेचा हात चुकला असता तर बरं झालं असतं. चुकीवर ओरडता येतं. हे तर मायेने केलं होतं, आणि मायेने केलेल्यावर ओरडणारी बाई या घरात वाईटच ठरणार होती.

"बघ, पोरीनं केवढा विचार केलाय," दिनानाथ लगेच म्हणाले.

आतून विशाल जांभई देत आला. "काय लावलंय आई? झोपू द्या की जरा. ही राहू दे मनस्वीसाठी. तू दुसरी विण ना. तुला काय, बसल्या बसल्या होते तुझी."

"बसल्या बसल्या," चंद्रावती म्हणाली.

तिने शाल उचलून खिडकीच्या उजेडात धरली. छान ऊबदार होती. दोघी आत मावल्या असत्या. पुढच्या वर्षी मनस्वी आणखी लांब होईल, पाय पसरेल, आणि एसी आहे तिथेच असेल. मग कोणीतरी म्हणेल, आणखी थोडी वाढवूया.

तिने सुई ओढून काढली आणि धाग्याचं टोक धरलं. मृणालीच्या ओळी सरसर सुटू लागल्या, आणि त्या संपल्यावरही तिचा हात थांबला नाही.

"अहो आई! तुमचं विणलेलंही उसवताय!"

"सगळंच उसवतेय. पुन्हा पयल्यापासून विणणार, एकटीपुरती." तिने लोकर गुंडाळत, कोणाकडेही न बघता सांगितलं. "आणि मनस्वी आजपासून पलंगावर झोपेल. तुमच्या दोघांच्या मधी."