आईची मापाची चोळी

मेढ्याच्या मोटारस्टँडवर आईनं मला निरोप दिला तो चोळीची गाठ आवळून. लढाईचे दिवस होते, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. लग्न होऊन मी सांगलीला निघाले होते. ट्रंक टपावर चढली, आबा, माझे वडील, कंडक्टरशी बोलत राहिले, आणि आईनं मला मोटारीच्या मागं नेलं. पदराआड हात घालून माझी गाठ सोडली आणि पुन्हा अशी बांधली की श्वासच अडकला. "गाठ घट बांधत जा पोरी. परक्या गावात आंग मोकळं टाकून हिंडायचं न्हाई," म्हणाली. मोटार सुटली तेव्हा मला रडू आवरत नव्हतं की जीव गुदमरत होता, हे आजही सांगता येत नाही. हसू नका, डोंगरातल्या बायांनो. तुमच्यापैकी ज्या खाली उतरल्या, त्या सगळ्यांच्या आयांनी हेच केलं असणार.

सांगलीत सगळंच सपाट. चढ नाही, उतार नाही, पाणी आणायला दरीत जायचं नाही. हे हळदीच्या वखारीत कामाला होते. संध्याकाळी घरी आले की कान, मान, धोतर, सगळं पिवळंधमक. शेजारच्या मास्तरीणबाई घरीच शिवणाचा क्लास घेत. त्यांच्याकडं मी मशीन शिकले, टेप शिकले, कटिंग शिकले, आणि एक दिवस आतून बॉडी आणि वरून बटणांचा ब्लाऊज घालून आरशासमोर उभी राहिले. पहिले दोन दिवस आपण उघडेच हिंडतोय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी पोटभर श्वास घेतला आणि गाठीच्या चोळ्या ट्रंकेत तळाला गेल्या. आईला हे कळवायची माझी छाती नव्हती.

आईच्या चोळ्या मात्र मीच शिवायची. टेप अंगाला लावून घ्यायला ती तयार नव्हती. "माप मेल्या मानसाचं घेत्यात," असं काहीतरी तिनं कुठून ऐकलेलं. मग रीत ठरून गेली. दिवाळीआधी आमच्या बाजूचं कुणी सांगलीला आलं की त्याच्याकडं आई एक जुनी चोळी द्यायची, मापाला. मी तिच्यावर खण पसरून कापायची आणि नवी शिवून दोन्ही परत पाठवायची. एका वर्षी लढाईतल्या कापडाच्या कंट्रोलमुळं खण कुठं मिळेना. घरात थोडा मऊ मांजरपाट होता. जात्यावर बसताना गाठ काचते असं आई नेहमी म्हणायची, म्हणून मी त्याची पुढं बटणं असलेली बॉडी शिवून पाठवली. चार दिवस तिनं ती घातली म्हणे. पाणवठ्यावर बाया हसल्या, आणि बॉडी उतरंडीत जाऊन बसली.

पुढच्या वर्षी मापाची चोळी आली. मी ती उलटी केली. डावी बाजू आतून पिवळी होती. एकदा सांडून पडतो तसा डाग नव्हता तो. थरावर थर बसून कापड पापडासारखं कडक झालं होतं. हळदीच्या वखारीतल्या माणसाची मी बायको, रोज तेच डाग धुणारी. धुऊन न जाणारी हळद म्हणजे रोज लावलेली हळद. आई छातीला लेप बांधत होती आणि मला कुणी एका शब्दानं कळवलं नव्हतं. मी यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मोटार धरली.

"वाईच सुपारीयेवढं कायतरी हाय. दुखत न्हाई काय न्हाई," आई म्हणाली. दाखवायला मात्र तयार होईना. शेवटी चुलीजवळच्या अंधारात तिनं माझा हात धरून चोळीवरूनच तिथं ठेवला. सुपारीचे दिवस कधीच मागं पडले होते.

काकीनं, म्हणजे माझ्या चुलतीनं, निकाल देऊन टाकला होता. "तुज्या त्या बॉडीनं केलं ह्ये. बटनं लावून छाती कोंडली आन् आत गोळा धरला. आमी जलमभर चोळ्या घातल्या, आमाला काय झालं?" सगळ्या वाडीचं तेच मत. माझी बॉडी चुलीत घातली होती, आणि गोळा बसावा म्हणून लेपावर चोळी नेहमीपेक्षा जास्त आवळत होते. मी ओरडले, भांडले. पण मला तरी कुठं ठाऊक होतं? शिवण शिकले होते, शरीर कुठं शिकले होते? रात्री आडवी झाल्यावर माझ्याही मनात येई, खरंच त्या मांजरपाटानं केलं असेल का.

मी म्हटलं, मिरजेला मोठा दवाखाना आहे, चला. आई म्हणाली, "परक्या बाप्याम्होरं चोळी सोडू व्हय? तुज्या बापानं सुदिक कवा उजेडात बगितलं न्हाई." तिथं बायकांना बाईच तपासते, मी म्हटलं. "बाईच हाय? मंग यीन." आबा म्हणाले, "भात झोडून हुंदे. मानूस न्हाई घरात." आबा वाईट नव्हते. भात उभं होतं आणि आई स्वतःच विळा घेऊन उभी होती. मी पाया पडले, रुसले, जेवले नाही. कशाचा म्हणून उपयोग झाला नाही. मी सांगलीला परतले आणि वाट बघत बसले.

भात झाल्यावर आली. डॉक्टरीणबाईंच्या समोर गाठ सोडायला तिला इतका वेळ लागला की मी तोंड फिरवून उभी राहिले. बाईंनी काखेपर्यंत चाचपून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. फार पुढं गेलंय, म्हणाल्या. आता कापूनही फारसा उपयोग नाही. मी विचारलं, बाई, बॉडीनं झालं का हो? त्यांनी मान हलवली. बॉडीनं नाही, चोळीनं नाही, कापडानं हे होत नसतं. आधी आणायला हवं होतं.

आईनं यातलं एकच ऐकलं. टांग्यात बसल्यावर माझा हात धरून म्हणाली, "ऐकलंस न्हवं? कापडानं न्हाई झालं. तुजं कायबी न्हाई त्यात." तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की जणू आम्ही मिरजेला एवढंच विचारायला गेलो होतो. मला सबंध रस्ताभर हमसून हमसून रडू येत होतं.

उन्हाळ्यात ती गेली. सवाष्ण गेली म्हणून हिरवी चोळी, मी शिवलेली. बायांनी आंघोळ घातली आणि गाठ बांधायला मला पुढं केलं. "घट बांध गं," काकी म्हणाली. माझ्यानं आवळवेना. सैलच बांधली.

त्यानंतर आमच्या बाजूच्या बाया सांगलीत आल्या की माझ्याकडं येऊ लागल्या. माप द्यायला आले म्हणतात, दार लावून घेतात, आणि मग हळूच माझा हात धरतात. मला काय कळतं? मी मिरजेला चला म्हणते. दोघीतिघी आल्या. बाकीच्या घरी विचारून येते म्हणून गेल्या त्या गेल्याच.

गेल्या साली काकी आली. मोटारीनं अंग आंबलं होतं, पाणीही न पिता तिनं दार लोटलं आणि स्वतःच गाठ सोडली. आतून चोळी पिवळी. मग तिची नजर माझ्या मशीनवर गेली.

"त्या बॉडीनं न्हवतं गं झालं," म्हणाली. "म्या तर कवाच घातली न्हाई."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं झुरले होते.  मी म्हटलं, काकी, आवं आत्ताच्या आत्ता टांगा आणते, मिरज काय लांब नाही. "आज नगं. पोराला इचारते. नाचनी काडायची हाय," ती म्हणाली, आणि गाठ बांधायला लागली, घट्ट, दातांनी टोक ओढून.

लोक विचारतात, सांगलीला रुळलीस ना, आता घर कुठलं म्हणायचं? मेढ्याच्या वरच्या त्या वाडीत मला आता कुणाचा चेहरा आधी दिसत नाही, हात दिसतात, पदराआड गाठ आवळणारे. त्या गाठी सोडवणं माझ्या हातात नाही. आणि तरी ते हात माझ्या दारी आले, की माहेर आलं असंच मला वाटतं.

स्टँडवर पोचवायला गेले तर मोटार सुटता सुटता काकी खिडकीतून वाकली. "वाईच हळद दिली अस्तीस बांदून. तुमच्याकडची लय चांगली." मला ठाऊक होतं ती कशाला हवी ते. पुडी मी घरूनच पदरात बांधून आणली होती. माहेरच्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी ती खिडकीतून दिली.